डावीकडून वाढणारा माणूस

माझा नवरा आयर्लंडला आला तो माझ्यामागून. नोकरी मला लागली होती, डब्लिनजवळ सिटीवेस्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तो पुण्यात एका बँकेत अकरा वर्षं घासून शाखेचा उपव्यवस्थापक झाला होता. ती नोकरी सोडून, चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन, तो डब्लिनच्या विमानतळावर उतरला तेव्हा हसत म्हणाला होता, "आता तू कमव, मी बघतो."

तो मूळचा नागपूरचा. सहा फूट दोन इंच उंच. लग्नात हार घालायच्या वेळी माझ्या मामाला मला उचलून धरावं लागलं होतं, आणि तो मुद्दाम ताठ उभा राहिला होता.

दोन वर्षं त्याला मनासारखं काम मिळालं नाही. मुलाखतीला बोलवायचे, गोड बोलायचे, आणि मग पत्र यायचं की तुमचा अनुभव या देशातला नाही. तो घरी राहून पोळ्या करायला शिकला, मुलीच्या शाळेतल्या सगळ्या आयांची नावं त्याला पाठ झाली, पण संध्याकाळी मी घरात शिरले की तो टीव्ही बंद करायचा. जणू काही चोरी पकडली गेली. मग त्याने एका हॉटेलात लग्नाच्या पंगती वाढायचं काम धरलं. तिथे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाईने त्याला एकदा पाहिलं आणि नाव विचारायच्या आधी उंची विचारली.

तिला फुटमन हवा होता.

डब्लिनशेजारच्या किल्डेअरमध्ये एक जुना प्रचंड बंगला आहे. बंगला म्हणायचं, पण वाड्याला लाजवेल असा. पूर्वी तो कुणा लॉर्डचा होता, आता एका उद्योगपतीने घेतलाय. त्याला हौस अशी की शनिवारची जेवणं जुन्या काळी व्हायची तशीच व्हावीत. चांदीची भांडी, मेणबत्त्या, नोकरांवर देखरेख करणारा एक बटलर आणि गणवेशातले दोन फुटमन. फुटमन म्हणजे आपल्याकडच्या संस्थानांत हुजरे असायचे ना, तसे. पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडायचं, कोट काढून घ्यायचा, चांदी घासायची, टेबलावर वाढायचं आणि उरलेला वेळ भिंतीशी उभं राहायचं. दोघं सारख्या उंचीचे लागतात, कारण ते शोभेला असतात. दुसरा एक ब्राझीलचा मुलगा होता, माझ्या नवऱ्याच्या कानाशी कान लागेल एवढाच उंच. गडद हिरवा कोट, पितळी गुंड्या, पांढरे हातमोजे. कोट आधीच्या कुणासाठी शिवलेला होता आणि माझ्या नवऱ्याला तो टाचणीही न लावता बसला.

तिथला बटलर ट्रली गावाकडचा, सत्तरी ओलांडलेला. तरुणपणी तो त्याच घरात फुटमन म्हणून लागला होता. आमच्या घरात त्याचं नाव पडलं म्हातारबाबा. शनिवारी रात्री माझा नवरा तिथेच झोपायचा, रविवारी दुपारी घरी यायचा, आणि मग म्हातारबाबाच्या गोष्टी सुरू व्हायच्या. पूर्वी त्या घरात नोकरांना अंगणातून चालायची परवानगी नव्हती, मालकांना खिडकीतून हिरवळीवर माणूस दिसू नये म्हणून. त्यांच्यासाठी जमिनीखालून भुयार होतं. फुटमन कुणीही येवो, सगळ्यांना एकाच नावाने हाक मारायचे, म्हणजे मालकिणीला नवं नाव लक्षात ठेवायला नको. आमची मुलगी डोळे मोठे करून ऐकायची आणि तिच्या आयरिश इंग्रजीत विचारायची, "बाबा, डिड यू गो इन द टनेल?"

"गेलो होतो. वाकून. तुझा बाबा तिथे सरळ मावत नाही."

घरी तो सराव करायचा. परातीत बटाटे ठेवायचा, मुलीला खुर्चीवर बसवायचा आणि तिच्या डाव्या बाजूला वाकून परात तिच्या हाताला येईल इतकी खाली धरायचा. वाढायचं नेहमी डावीकडून, उचलायचं उजवीकडून. पाहुणा वाढून घेईपर्यंत परात हलता कामा नये, श्वासही पाहुण्याच्या मानेला लागता कामा नये. मुलगी गंभीर चेहऱ्याने एक बटाटा उचलायची आणि म्हणायची, "थँक यू, माय गुड मॅन." आम्ही तिघंही हसायचो. बँकेत वरिष्ठांच्या शिव्या खाऊन येणारा तो माणूस मी पाहिला होता. इथे तो एखादी गोष्ट नीट करता येणाऱ्या माणसासारखा शांत झाला होता. त्याचे हातमोजे तो स्वतः धुवायचा आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, एकेक बोट सरळ करून वाळत घालायचा.

मलाही ते सुरुवातीला आवडायचं. खोटं कशाला सांगू, मजा वाटायची.

ती मजा गणपतीत संपली. ॲडम्सटाउनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचा गणपती असतो. आरती झाली, प्रसाद झाला, आणि पुण्याचीच एक ओळखीची बाई मला म्हणाली, "तुझे मिस्टर सध्या काय करतात गं?"

"इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये आहेत," मी म्हणाले. असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

मुलगी शेजारी मोदक खात उभी होती. "नो, बाबा इज अ फुटमन," ती म्हणाली. "ही होल्ड्स द पोटॅटोज."

कुणी वाईट हसलं नाही. एक-दोघांनी कौतुकानेच चौकशी केली. पण माझे कान तापले. परतताना गाडीत मी मुलीला म्हटलं, "बाबाच्या कामाचं सगळ्यांना सांगत बसायचं नाही."

तो गाडी चालवत होता. "मग काय सांगायचं तिनं?"

"काहीच सांगायचं नाही."

त्याने पुढच्या वळणाला गाडी घराकडे वळवली. त्याच्या आईला, नागपूरला, मी आधीच सांगून ठेवलं होतं की तो हॉटेलात मॅनेजर आहे. तेही त्याने माझ्यासमोर खोडून काढलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये आमच्या कंपनीचे वरचे लोक अमेरिकेहून यायचे होते. मी ज्या प्रकल्पावर होते तो चांगला झाला होता आणि मला बढती मिळणार अशी कुजबुज होती. त्यांच्यासाठी शनिवारी एक जेवण ठेवलं होतं, बारा जणांचं, आणि त्यात माझं नाव होतं. बुधवारी निमंत्रण आलं. खाली पत्ता होता किल्डेअरचा. त्या उद्योगपतीचे पैसे आमच्या कंपनीत आहेत हे मला तेव्हा कळलं.

मी ती ईमेल तीनदा वाचली. आजारी पडावं का, असा विचार केला. त्याला सांगावं का, असाही केला. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. "अरे वा," म्हणाला असता. तेच मला नको होतं. खाण्याच्या आवडीनिवडी कळवा, असं त्यात लिहिलं होतं. मी शाकाहारी आहे, पण तेही लिहिलं नाही. आपल्यामुळे काही वेगळं करावं लागू नये, आपण उठून दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. ब्रेड आणि भाज्या खाऊन निभावू.

शुक्रवारी संध्याकाळी तो कपड्यांच्या घड्या करत होता. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "उद्या तुझंही काही आहे ना?"

"हो, ऑफिसचं जेवण."

"कुठे?"

"शहरात कुठेतरी. नक्की कळवलं नाही अजून."

त्याने एक घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाला, "ती निळी साडी नेस ना. तुला शोभते."

"तिथे साडी कोण नेसतं?"

"कुणीतरी नेसावी की," तो म्हणाला आणि मुलीचे कपडे उचलून वर गेला.

शनिवारी सकाळी तो निघून गेला. मी मुलीला शेजारच्या मैत्रिणीकडे सोडलं, काळा ड्रेस घातला आणि माझ्या मॅनेजरच्या गाडीत बसले. साडेसात वाजले होते आणि उन्हं अजून झाडांच्या वर होती. लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, मग तो करड्या दगडाचा बंगला. पायऱ्यांवर हिरव्या कोटातले दोन उंच पुरुष पुतळ्यांसारखे उभे होते. गाडी थांबली. त्यांतला एक पायऱ्या उतरून आला आणि माझ्या बाजूचं दार त्याने उघडलं.

मी वर पाहिलं. त्याचा चेहरा फुटमनचा असावा तसाच होता, स्थिर. पण डोळे हसत होते. लग्नात ताठ उभं राहून माझी फजिती बघताना हसले होते, अगदी तसे.

मी खाली खडीकडे पाहिलं. "थँक यू," म्हटलं, इंग्रजीत, आणि मॅनेजरच्या मागून पायऱ्या चढून गेले.

जेवणाची खोली फार सुंदर होती, एवढं आठवतं. माझ्या उजव्या हाताला आमच्याच ऑफिसातला एक गृहस्थ होता, कॉर्कचा, बोलघेवडा, स्वभावाने चांगला. सूप आलं. सगळ्यांपुढे तपकिरी, पातळ, मांसाच्या रश्शाचं. माझ्या डाव्या खांद्यामागून पांढरा हातमोजा आला आणि माझ्यापुढे हिरवं सूप ठेवलं गेलं. वाटाण्याचं. वर पुदिन्याचं एक पान.

कॉर्कच्या गृहस्थाचं लक्ष गेलं. "तुला वेगळं कसं?"

"मी मांस खात नाही."

"पण त्याला कसं कळलं?"

"यादीत असेल," मी म्हणाले.

तो मागे वळून पाहू लागला. माझा नवरा एव्हाना भिंतीशी जाऊन उभा राहिला होता, माझ्यापासून फार तर सहा पावलांवर. तो गृहस्थ माझ्याकडे झुकला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "डू यू नो युअर मॅन?"

इथे कुठल्याही परक्या माणसाबद्दल बोलताना 'युअर मॅन' म्हणतात. पोस्टमनलाही म्हणतात, बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतात. त्याने एवढंच विचारलं होतं, की त्या फुटमनला तू ओळखतेस का. इतकी वर्षं तो शब्द कानावरून जात होता. त्या क्षणी मला तो मराठीत ऐकू आला. तुझा माणूस. तुझ्या माणसाला ओळखतेस का?

"नो," मी म्हणाले.

"भारत मोठा देश आहे बाबा," समोरचं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर प्रत्येक पदार्थाला तो आला. डावीकडून वाकला, ताट खाली धरलं, मी वाढून घेईपर्यंत थांबला. ताट जराही हललं नाही. मी त्याच्या हातापलीकडे पाहिलं नाही. माझ्यासाठी दर वेळी वेगळं काहीतरी होतं, आणि ते चांगलं असणार, पण त्यातल्या एकाही पदार्थाची चव मला सांगता येणार नाही.

रविवारी दुपारी तो नेहमीसारखा घरी आला. मी वरणाला फोडणी देत होते. मुलगी बाहेर सायकल चालवत होती. त्याने हात धुतले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काल छान दिसत होतीस."

मी गॅस बंद केला. "अरे, काल मी..."

"नाही नाही, बरोबर केलंस. आमच्याकडे पाहुण्याने ओळख दाखवायची नसतेच. पंचाईत होते." तो अगदी साधेपणाने बोलत होता. मला वाटलं, सुटले. मग ग्लास विसळता विसळता तो म्हणाला, "पण तू 'नो' म्हणालीस. नुसती गप्प राहिली असतीस तरी चाललं असतं. गप्प राहण्याचं मला काही वाटत नाही."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी कारणं सांगितली. बढती, ऑफिस, लोक काय म्हणतील, तुलाच अवघड झालं असतं. बोलता बोलता माझा आवाज चढला. तो ऐकत उभा राहिला, पाठ सरळ, हात मागे. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "वरण गार होतंय."

आमचं भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तो मुलीशी तसाच हसायचा, माझा डबा भरायचा, माझी गाडी धुवायचा. मी काही विचारलं तर उत्तर द्यायचा. आपणहून काही बोलायचा नाही. म्हातारबाबाच्या गोष्टी तो आता मुलीला तिच्या खोलीत सांगायचा आणि मी जिन्यात उभी राहून ऐकायची. मला बढती मिळाली. त्या दिवशी त्याने श्रीखंड केलं. आम्ही तिघांनी ते खाल्लं.

हिवाळ्यात त्याने सांगितलं की इंग्लंडमध्ये एका मोठ्या घराण्यात कायमची जागा आहे, तिथेच राहायची सोय आहे, आणि म्हातारबाबाने त्याच्यासाठी शब्द टाकलाय.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

त्याने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्याने माझ्याकडे असं पाहिलं होतं. "तुला माझ्याबद्दल कुणाला काही सांगावं लागणार नाही," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. मला ते सोयीचं जाईल, असं त्याला खरंच वाटत होतं.

मार्चमध्ये तो गेला. जाताना बंगल्याच्या हातमोज्यांचा एक जोड हॉट प्रेसमध्ये राहिला होता. टपालाने पाठवता आला असता, पण मी रजा काढून तो द्यायला स्वतः किल्डेअरला गेले. मागच्या दाराशी म्हातारबाबा भेटले. मी पहिल्यांदाच कुणालातरी तिथे मोठ्याने सांगितलं, "मी त्याची बायको."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "या, चहा घ्या."

स्वयंपाकघरात त्यांनी मला बसवलं आणि स्वतः चहा ओतला. मग म्हणाले, "त्या आठवड्यात गुरुवारी पाहुण्यांची यादी माझ्याकडे आली. तुमचं आडनाव पाहिलं आणि मी त्याला फोन केला. म्हटलं, तुझी बायको जेवायला येतेय, तुला रजा हवी का? मी दुसरा माणूस बघतो."

"गुरुवारी?" मी म्हणाले.

"गुरुवारी. तो म्हणाला, रजा कशाला, तिला मी काम करताना बघायचंच आहे. शनिवारी भल्या सकाळी येऊन स्वयंपाकाच्या बाईंशी बसला. यादीत तुमच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तुमच्यासाठी काय काय करायचं ते त्याने सांगितलं. वाटाणे त्यानेच सोलले." म्हातारबाबांनी साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "पायरीवर तो एरवी उजवीकडे उभा राहायचा. त्या दिवशी म्हणाला, मला डावीकडे उभं राहू द्या, ती त्या बाजूने उतरेल."

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, कपड्यांच्या घड्या करताना, त्याला सगळं माहीत होतं. 'कुठे?' असं विचारून तो मला संधी देत होता. आणि मी त्याच्या तोंडावर म्हणाले होते, शहरात कुठेतरी.

"मी त्या खोलीत होतो," म्हातारबाबा म्हणाले. "मी ऐकलं. पण ऐकायचं नसतं आम्ही." मग म्हणाले, "चांगला फुटमन होता हो. माझ्या हाताखाली इतका चांगला कुणी झाला नाही."

चहा तसाच ठेवून मी उठले. गाडीत बसून रडले. त्या लांबलचक रस्त्याच्या कडेला, झाडांखाली, किती वेळ ते सांगता येणार नाही. एक माळी येऊन काच ठोठावून गेला, "आर यू ग्रँड देअर?", म्हणजे ठीक आहात ना, असं काहीतरी विचारलं त्याने, आणि मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी मी नागपूरला फोन केला. सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं. तो हॉटेलात मॅनेजर नव्हता. मोठ्या लोकांच्या घरी वाढायचं काम करायचा, गणवेश घालून.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं कवाच सांगतलं होतं. फोटो बी धाडला होता कोटातला. राजावाणी दिसून राहिला होता." मग म्हणाल्या, "लोकायले जेवू घालते नं बाप्पा तो. त्यात लपवाचं काय होतं, बाई?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, मुलीचा खोकला बरा झाला का ते विचारू लागल्या.

घटस्फोट आम्ही घेतलेला नाही. तसा विषय दोघांनीही काढला नाही. तो महिन्यातून एकदा येतो, मुलीला भेटतो, मित्राकडे उतरतो. सुट्टीत ती त्याच्याकडे जाते. आता ती दहा वर्षांची आहे, माझ्याशी तुटक बोलते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, पण मुलांना कळतं.

गेल्या उन्हाळ्यात तो तिला न्यायला आला तेव्हा विमानतळावर आमच्या हाताशी तासभर वेळ होता. मुलगी पुस्तकाच्या दुकानात गेली आणि आम्ही कॉफीचे कप घेऊन समोरासमोर बसलो. त्याच्या कानांजवळ केस पांढरे झालेत. त्याने बॉयलर दुरुस्त झाला का विचारलं. मी हो म्हटलं. मग मी म्हणाले, "मी म्हातारबाबांना भेटले होते. तुला माहीत होतं मी येणार ते."

"हो."

"मला माफ कर. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"मी केलंय कधीच," तो म्हणाला. "राग नाहीये गं माझा. राग असता तर मी परत आलो असतो."

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण उलटून माझा हातही धरला नाही. मुलगी पुस्तक घेऊन आली तसा तो उठला, तिची बॅग खांद्याला अडकवली आणि मला म्हणाला, "सांभाळून जा. एमफिफ्टी हायवेवर गर्दी असेल."

ती दोघं तपासणीच्या रांगेत शिरली. ती काहीतरी सांगत होती आणि तो तिला ऐकू यावं म्हणून खाली वाकला होता. त्यांची रांग वळेपर्यंत मी थांबले. मग पार्किंगमध्ये गेले, आणि गाडी कुठल्या मजल्यावर लावली होती ते मला बराच वेळ आठवेना.